टोपी नसलेला सिलिंडर

मी एक जुना सिलिंडर आहे, मान तुटलेला. मित्रांनो, कारखान्यात येणारी मुलं माझी टोपी उचलून विचारतात, "ह्याला डोकं का नाही?" मोठी माणसं विषय बदलतात. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्मच मारझोडीत झाला. लालबुंद पोलादाच्या गोळ्यात यंत्राने दांडा खुपसला, ओढून ओढून मला लांब केलं आणि तापवून माझा गळा आवळला. मग फुटतो की टिकतो ते पाहायला पोटात पाणी कोंबलं. मी टिकलो, तेव्हा माझ्यात आर्गॉन वायू ठासून भरला.

हा आर्गॉन कुणाच्या अध्यात ना मध्यात. जळत नाही, जाळत नाही. त्याचं घराणंच तसं. बल्बच्या पोटात तारेला जपतो तो हाच, दुकानाच्या पाटीत लाल उजळतो तो निऑन, फुगा वर नेतो तो हेलियम. निष्क्रिय वायू म्हणतात त्यांना. पण कोंडलं तर मांजरसुद्धा अंगावर येतं, आणि आर्गॉन माझ्यात फार दाटीने कोंडलेला होता.

मी आलो एका बहीणभावाच्या कारखान्यात. ते दुधासाठी स्टीलच्या मोठ्या टाक्या करायचे. ताई पत्रे मापून कापायची आणि धाकटा भाऊ वेल्डिंग करायचा. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण रागाला त्याला निमित्त लागत नसे. तापलेल्या सांध्याला हवा लागली की तो काळा पडतो, म्हणून माझा वायू त्यावर पांघरूण घालायचा. सांधा चकचकीत निघाला की ताई माझ्या पाठीवर थाप मारायची. मला फार बरं वाटायचं.

माझ्या मानेवर पितळी झडप होती. मला हलवताना तिच्यावर लोखंडी टोपी घट्ट बसवायची, असा नियम. पण ठिणगीने त्या टोपीचं भांडं केलं होतं आणि त्यात सुटे नटबोल्ट ठेवले होते. ताई ओरडायची. तो हसून म्हणायचा, "टोपी कशाला, ताई? त्याला काय लग्नाला जायचंय?"

एका दुपारी शेवटची टाकी वेल्डिंगसाठी अडली होती आणि दारात ट्रक भोंगा वाजवत होता. ठिणगीने मला भिंतीशी बांधणारी साखळी सोडली आणि मला तसाच, बोडका, तिरका धरून घरंगळवत निघाला.

"थांब, टोपी घाल त्याला," ताई म्हणाली. तिने टोपीतले नटबोल्ट जमिनीवर ओतले आणि ती घेऊन आडवी आली.

"बाजूला हो. उशीर होतोय."

"घातल्याशिवाय हलायचं नाही."

ठिणगीचं डोकं फिरलं. तिला ढकलायला त्याने एक हात काढला आणि मी दुसऱ्या हातातून निसटलो. माझी मान लोखंडी टेबलाच्या कडेवर आदळली. झडप तुटली.

मग मला आवरणारं कुणी नव्हतं. मोकळ्या भोकातून वायू किंचाळत सुटला आणि त्याने मला उलट दिशेला फेकलं. मी टेबलाचे पाय मोडले, टाकीचा पत्रा फाडला, ताईच्या गुडघ्यावरून गेलो आणि भिंत फोडून रस्त्यावर पडलो. धूळ खाली बसली तेव्हा ताईही खाली होती. टोपी तिने हातातून सोडली नव्हती.

इस्पितळात तिचा कणा एका मोठ्या यंत्रात तपासला. त्या यंत्राला थंड ठेवतो तो हेलियम, आमच्याच घराण्यातला. कणा शाबूत निघाला. पाय मात्र मांडीपासून कापावा लागला.

भंगारवाला मला न्यायला आला तेव्हा ठिणगीने त्याला परत पाठवलं. माझी टोपी घासूनपुसून त्याने माझ्या तुटक्या मानेवर ठेवली. आता कारखान्यातला एकही सिलिंडर टोपीशिवाय हलत नाही.

ताई कुबड्यांवर परत आली त्या दिवशी तो माझ्याशेजारी मान खाली घालून उभा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता त्याला कुठं जायचंय?"

मित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची, त्याची आधी घ्या. माझ्यावर आज टोपी आहे, पण ती नुसती ठेवलेली आहे. बसवायला खाली मान उरलेली नाही.