रेडिओला सुट्टी

सासूबाईंना आमच्या घरात 'रेडिओ' म्हणतात, आणि हे नाव खुद्द सासऱ्यांनी ठेवलेलं. गाडीत बसल्या की यांचं सुरू. "पुढे शाळा आहे हो. इथे वेग चाळीस. बघा, पेट्रोल पंप आला." गेली दोन वर्षं तर या बडबडीला ऊत आला होता. मी हूं हूं करत दुसरीकडे लक्ष लावायला शिकले होते.

तलावाला गाडीने पूर्ण वळसा घालायचा आणि काठावर तंबू ठोकून राहायचं, ही टूम सासऱ्यांची. तलाव एवढा मोठा, की पलीकडचा काठ दिसत नाही. सासऱ्यांनी जन्मभर प्रवासी बस चालवली, गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवतातच. त्यामुळे भाड्याच्या व्हॅनचं स्टिअरिंग कुणी धरायचं, हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळताना ठिणगी पडली. सासरे तंबूची एक मेख शोधत होते. मेख त्यांच्या बुटापुढेच पडलेली.

"अहो, पायाशीच तर आहे," सासूबाई म्हणाल्या. नवरा हसला. चिंगी, म्हणजे माझी चार वर्षांची लेक, बाबा हसला म्हणून हसली. सासऱ्यांचं डोकं फिरलं.

"दिसतंय मला. आज जरा तोंडाला कुलूप लाव. दिवसभर कानाशी नुसती कटकट. एक दिवस सुट्टी दे माझ्या कानांना."

सासूबाईंनी हातातली दोरी खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि रोजची पुढची जागा सोडून मागे आमच्याजवळ येऊन बसल्या. पुढे नवरा बसला आणि गाडी सुटताच मान टाकून झोपला. तो स्टुलावर बसूनही झोपू शकतो.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. उजवीकडे कापलेला डोंगर, डावीकडे तलाव, मध्ये जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता आणि गाडीत चक्क शांतता.

पहिल्या वळणावर व्हॅन पाण्याच्या बाजूला सरकली आणि हिसका देऊन परत आली. वाटलं, खड्डा चुकवला असेल. मग गतिरोधक आला, तो आम्ही तसाच उडवला. मागे डब्यातले कप खणखणले. पुढे शाळेचा भला मोठा पिवळा बोर्ड, तरी वेग तोच. मी चरफडत सासूबाईंकडे पाहिलं.

त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. बोर्ड जवळ आला की ओठ हलायचे, मागे पडला की मिटायचे. एका हाताने त्यांनी चिंगीच्या सीटचा पट्टा घट्ट आवळून धरला होता.

ज्या बडबडीची आम्ही दोन वर्षं टिंगल केली, तिच्याच जोरावर गाडी चालली होती. बघत होत्या सासूबाई. सासरे नुसतं स्टिअरिंग फिरवत होते.

"आई," मी कुजबुजले, "बाबांना दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधलंच पुसल्यासारखं होतं. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलंय. पण पोराला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीये मला. उरलंय तेवढ्या नजरेत तलाव बघून घ्यायचा होता त्यांना."

"मग आता बोला ना काहीतरी."

"त्यांनी बोलावं. मुलासमोर एकदा म्हणू देत, मला दिसत नाही. मी किती दिवस पुरणार? उद्या मी शेजारी नसले, तरी हे ऐटीत गाडी काढतील."

मला त्यांचा असा संताप आला, की आजवर कधी आला नव्हता. यांचा हट्ट, त्यांचा हट्ट, आणि मध्ये माझं लेकरू. "चिंगी गाडीत आहे," मी दातओठ खात म्हटलं. त्यांनी चिंगीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

सासऱ्यांना थांबवायला मी पुढे वाकले, आणि समोर ते दिसलं. रस्त्यात लाल पिंपं मांडलेली, उजवीकडे वळायचा बाण, आणि पलीकडे रस्त्याची अर्धी बाजू खचून पाण्यात गेलेली. सासरे सरळच चालले होते. मी त्यांच्या खांद्याकडे हात टाकला.

"अहो, रस्ता खचलाय." सासूबाईंचा सूर नेहमीचाच होता, पेट्रोल पंप आला म्हणतात तसा. "ब्रेक दाबा. अजून. उजवीकडे घ्या. बास."

व्हॅन थांबली. पहिलं पिंप आडवं होऊन पार काठापर्यंत घरंगळलं आणि दिसेनासं झालं. खालून पाण्यात पडल्याचा आवाज आला.

नवरा दचकून जागा झाला. "बाबा, एवढा मोठा बोर्ड दिसला नाही?"

"ऊन आलं डोळ्यांवर," सासरे म्हणाले.

ऊन आमच्या पाठीमागे होतं. सासूबाई हात मांडीवर ठेवून त्यांच्या मानेकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ आता हलत नव्हते.

"नाही दिसला," सासरे म्हणाले. मग मुलाकडे वळून, "दिसत नाही रे मला. फार दिवस झाले."

त्यांनी किल्ली काढली आणि मागे न बघता खांद्यावरून माझ्यापुढे धरली. "तू चालव गं. हा झोपेल."

सासरे मागे तलावाच्या बाजूला बसले, सासूबाई त्यांच्या शेजारी. मी आरसे जुळवून गाडी मागे घेतली. पिंपांच्या कडेने वळसा घालून आम्ही पुढे लागलो. नवरा टक्क जागा होता.

"रेडिओ अजून बंदच का?" सासऱ्यांनी विचारलं.

"बोर्ड बघायला सून आहे की आता."

"बोर्ड नको. तलावाचं सांग."

सासूबाई त्यांच्या बाजूच्या काचेकडे वाकल्या. "पाणी चमकतंय. दोन होड्या आहेत. एक पांढरी, काठाशी."

मी आरशात पाहिलं. ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर बघत होते.

"ती दिसली," ते म्हणाले. "दुसरी कुठाय?"

सासूबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं.