वाटाण्याला दिलेलं जाळं

वेलाचं केसाएवढं हिरवं बोट काल जाळ्याच्या गाठीला नुसतं टेकलं होतं, आज त्यानं तिला दोन वेढे घातले होते, आणि सुमित्राबाई ते इतकं वाकून पाहत होती की वाटाण्याचं पांढरं फूल तिच्या नाकाला लागत होतं. थर्माकोलचे चार खोके – बर्फातली मासळी यायची तेच, बुडाला भोकं पाडून माती भरलेले – आणि मागे कुंपणावर ताणलेलं तिच्या नवऱ्याचं, धनीरामचं, फेकायचं जाळं. त्यानं दोन हिवाळे बसून विणलेलं… पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, विझलेली बिडी तशीच तोंडात धरून. तो गेला, आणि जाळं तीन वर्षं खुंटीवर लोंबत राहिलं. पोरगा खेमराज बाजारातलं नायलॉनचं घेऊन तलावावर जायचा. या जाळ्याकडे कधी मान वळवली नाही. मग कार्तिकात मीच काढलं, ती मनाशी म्हणाली. म्हटलं, माणसाला नको तर वाटाण्याला देते. पोराच्या जायच्या-यायच्या वाटेवर टांगलं – हो, मुद्दामच, खोटं कशाला बोलू…

आणि आज सकाळी खेमराज चहाचा कप घेऊन नेमका तिथंच येऊन उभा राहिला होता.

"माय, बाचं जाळं पाह्यजे होतं."

"काहून? तुह्या नायलॉनच्या महाराणीले काय झालं?"

"वाकडं पडून राह्यलं ते. बाचं कसं गोल पडे… सोमवारी तलावात टाकाचं हाये."

"तीन वर्सं खुंटीवर होतं तवा नाही दिसलं. आता वाटाणे चढले त डोये उघडले?"

आतून सून रुचिका म्हणाली, "मी सांगतलं होतं, आईले नका इचारू, वाटाण्याले इचारा."

तो हसला, कप ठेवला आणि उत्तर न घेताच तलावाकडे निघून गेला.

जाळं काढायचं तर वेल सगळे खाली येणार. शेंगा अजून चपट्या, आत दाणा नाही. थांब म्हणावं तर सोमवार जाणार, आणि हा पोरगा कुठलीही गोष्ट एकदाच मागतो – लहानपणी भातसुद्धा एकदाच मागायचा, मिळाला नाही की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पुन्हा नाही मागितलं तर?

तिनं नखानं एक वेढा सोडवून पाहिला. सुटला. दुसरा तुटला. हात आपोआप मागे आला.

'जुनं जाळं' नाही म्हणाला… 'बाचं जाळं' म्हणाला. सकाळपासून हे दोन शब्द ती जिभेखाली खडीसाखरेसारखे धरून बसली होती, वरून सुनेला भांड्यांवरून बोलत होती, आणि त्या नादात खोक्यांना दोनदा पाणी घालून झालं होतं.

आज शुक्रवार. त्यानं जाळं मागण्याची वाट पाहण्यात तीन वर्षं गेली, पण मागितल्यावर काय सांगायचं ते मात्र कधी ठरवलंच नव्हतं मी… ऊन पाठीवर आलं होतं. तो जेवायला येईल तेव्हा मारायला एखादा टोमणा असावा म्हणून तिनं मनात शोधला. एकही सापडला नाही, आणि तिला तो शोधायची घाईही वाटली नाही.