घाम महाराजांचा, साखर माझी

चाकूरच्या बाजारात मांडवाबाहेरही माणसं उभी होती. मंचावर स्नायुमहाराज जोर काढत होते आणि खाली भक्त गादीवर बसून गूळ खात होते.

"व्यायामानं स्नायूंतून प्रथिनं सुटतात! साखर, ताप, कॅन्सर, सगळ्यांना पुरून उरतात!" महाराज धापा टाकत म्हणाले. "तुम्ही बसा. जोर मी काढतो, प्रथिनं तीर्थातून तुम्हाला देतो!"

पहिलं वाक्य मीही थोडंफार वाचलं होतं. शेवटचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते सांगायला मी उठलो, कारण शेजारी बसलेली माझी धाकटी बहीण कावेरीबाई लातूरची उद्याची केमो सोडणार होती. "तीर्थ असताना सुया कशाला?" म्हणत होती.

मंचावर चढताना चेल्यानं माझ्या दोन्ही हातांत गुळाचा प्रसाद ठेवला. तो खाल्ला आणि जन्मभर ग्रंथालय सांभाळलेल्या माणसाला शोभेल तेच केलं. गप्प उभा राहिलो.

"बोला काका!" महाराज म्हणाले.

"न्हाई... काही न्हाई."

चेल्यानं साखर मोजायचं यंत्र काढून माझ्या डाव्या हाताचं बोट टोचलं. साखर तीनशेच्या वर! मला मधुमेह नव्हता. पण यंत्रानं सांगताच तहान, चक्कर आणि मरण एकदमच जाणवू लागलं. महाराजांनी जोर काढले, त्या हातावर तीर्थ ओतलं, पुसलं, बोट पुन्हा टोचलं. साखर शंभरावर आली! सगळ्यांत मोठ्यानं "वा!" मीच म्हणालो.

घाबरलो की मी पुस्तक उघडतो. खिशातलं काढलं, पान उलटायला उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं. गोड लागलं.

"आता हे बोट टोचा," मी पुटपुटलो.

"कृपेची परीक्षा घेत नसतात!"

"का वो म्हाराज?" कावेरीबाई खालून ओरडली. "आण्णाच्या एकाच हातावर कृपा हाय का?"

लोक हसले. टोचावंच लागलं. पुन्हा तीनशेच्या वर. मग मी तो हात माझ्या बाटलीतल्या साध्या पाण्यानं धुतला, पुसला आणि पुन्हा टोचायला लावला. शंभर!

"यंत्र बोटावरचा गूळ मोजत होतं," मी म्हणालो. "प्रथिनं खरी आहेत. पण ज्याचे स्नायू हलतात, ती त्याच्याच रक्तात उतरतात. तीर्थातून प्यायली तर वरणासारखी पचून जातात. कॅन्सरवर त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. केमोची जागा ती घेत नाहीत."

महाराज मांडवामागून पळाले. भक्तांसाठी नव्हे, स्वतःसाठी केलेला त्यांचा तो पहिलाच व्यायाम असावा.

कावेरीबाई गादीवरून उठली आणि म्हणाली, "सकाळच्या लातूर गाडीला जाऊ. डॉक्टरनं झेपंल तेवढं चालायला सांगितलंय. स्टँडपोतर माझं मी चालते, तुझं तू चाल. लई बसून राहतोस."

वाचकहो, चमत्कार दिसला की "वा!" म्हणण्याआधी तो एकदा पुन्हा तपासा. माझ्यासारख्या भित्र्यालाही ते जमलं. आणि चालू असलेला उपचार कुणाच्या तीर्थासाठी सोडू नका.