पायऱ्या माझ्याच निघाल्या

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून बसलो आहे. कुणी तसं ठेवलं नसतं, तर तोंड मीच फिरवलं असतं.

मी टेफ्लॉनचा. तुमच्या घरच्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ना, तेच. एका कारागिराने मला लेथवर कातलं आणि माझ्या भिंतीत सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. भोकाचा पेला काय कामाचा, असं वाटलं ना? पण माझं सगळं मोल त्या भोकातच होतं.

मला एका मोठ्या भांड्यात बसवत. माझ्या आत मिठाचं पाणी, बाहेरही तेच. मग प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, बारीक कुंचल्याने भोकावर तेलकट थेंब फिरवत. त्याचा पडदा ताणला जाई, साबणाच्या फुग्यासारखे रंग दाखवी आणि पातळ होत होत काळा पडे. तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती असाच स्निग्ध पडदा असतो. मिठाचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्यातून सहजी पलीकडे जात नाहीत. म्हणून वीजप्रवाह मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ सरळ राही.

मग सर पाण्यात आपलं लाडकं पेप्टाइड सोडत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. एक माळ पडद्याच्या या बाजूने शिरे, दुसरी त्या बाजूने. दोघींनी टोकाला टोक लावलं की आरपार पोकळ नळी तयार! आयन धावत सुटत आणि रेघ टुणकन एक पायरी चढे. माळा सुटल्या की पायरी उतरे. या पायऱ्यांनी सरांचं नाव झालं. "दार आपटू नका रे, पडदा फाटेल!" असं ओरडत ते मला जपत.

पुढे प्रयोगशाळेत एक मुलगी आली. सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. जंतूंच्या पडद्याला भोकं पाडेल असं नवं पेप्टाइड तिने जिवाचं रान करून घडवलं. सरांनी मला तिच्या हातात ठेवलं.

"माझा पेला घे. याला हात नाहीत, पण हाताला गुण आहे!"

तिने पेप्टाइड सोडलं आणि पायऱ्या उमटल्या.

"अगदी माझ्या पेप्टाइडसारख्या!" सर हरखले. "उंचीसुद्धा तीच! शोभतेस गं माझी शिष्या!"

टाळ्या वाजल्या. धाकटीने लगेच आईला फोन केला. कुणीतरी मला थोपटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझ्या भोकाच्या काठावर एक ओरखडा होता आणि त्यात सरांचं जुनं पेप्टाइड दडून बसलं होतं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. न चिकटणारा म्हणून मिरवणारा मी!

दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी धाकटीला सरळ रेघ हवी होती. तिने पेप्टाइड न घालता नुसता पडदा धरला. पायऱ्या आल्या. तिने पाणी बदललं, नवा पडदा धरला. पुन्हा पायऱ्या. कुंचला तिच्या हातातच राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, मावशीला सांगितलं, काकूला सांगितलं, खालच्या शिंपीकाकांना पण!"

"आई, आता आणखी कुणाला नको सांगूस."

"का गं?"

"त्या पायऱ्या माझ्या नव्हत्या."

सर आधी मानायलाच तयार नव्हते. "अशक्य! मी स्वतः धुतलाय तो."

"सर, कोऱ्या पाण्यातही दिसतायत. तुम्हीच बघा."

सर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. "आणि मी म्हणे, अगदी माझ्यासारख्या," ते हळूच म्हणाले. "आपलंच तोंड बघून खूश झालो गं मी. सगळ्यांना मी सांगतो. तू नको सांगूस."

नवा पेला आला. माझ्यावर चिठ्ठी लागली: फक्त सरांच्या पेप्टाइडसाठी. नव्यात धाकटीने आधी कोरं पाणी बघितलं. रेघ सरळ. मग तिचं पेप्टाइड घातलं. रेघ सरळच. संध्याकाळपर्यंत सरळ. टाळ्या नाहीत, काही नाही.

"आई, नाही जमलं. रेघ सरळ आली."

"मग सरळ आली तर चांगलंच ना?"

धाकटी रडता रडता हसली. "चांगलं नाही गं. पण खरी आहे. आता माळ जरा लांब करून बघते. पडद्याच्या पलीकडे पोचतच नसेल बिचारी."

मित्रांनो, मी हे वरून ऐकलं. त्या पोरीचा आनंद खोटा पाडणारा मी, भिंतीशीच बरा. एवढंच सांगतो. कुणाच्याही भांड्यात आपलं काही ओतण्याआधी त्यात नुसतं पाणी भरून बघा. आणि भांडं मानाचं असेल, तर त्याला थोपटू नका. नीट घासा.