चांदी आणि खिडकीतल्या आजी

चहूबाजूंनी इमारती उठल्या, तरी दूधवाल्याने आपला गवताचा तुकडा विकला नव्हता. तिथे गोठा होता, विहीर होती आणि शेवटची उरलेली गाय, चांदी. विताना तिची आई गेली, तेव्हा दूधवालीने त्या वासराला बाटलीने पाजून वाढवलं होतं. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. "माझ्यावर खेकसतेस, लेकीला मात्र एक शब्द नाही," असं नवरा चिडवायचा.

कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत, तळमजल्यावर, एक आजी राहायच्या. मुलगा-सून दिवसभर कामावर. आजी खिडकीत बसून चांदीशी गप्पा मारत. दूधवाली कधी दुधाच्या फेरीवर, कधी कामात. पण आजी गाईला साली घालतात हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचं बरंच वाटायचं.

एके सकाळी चांदीने चाऱ्याला तोंड लावलं नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. गुरांच्या डॉक्टरांनी गोठ्यातच पोट उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून गोळाच्या गोळा बाहेर काढला. सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. काहींच्या गाठीही सुटल्या नव्हत्या, आत साली तशाच.

"फार उशीर झाला," डॉक्टर म्हणाले.

दुपारी चांदी गेली. गोठ्यामागे खड्डा खणून दोघांनी तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून हाक आली. "अगं, आमची चांदीबाई कुठाय? कालपासून दिसली नाही." आजींच्या हातात गाठ मारलेली पिशवी होती.

दूधवालीचे शब्द ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "गेली, आजी. पोटात पीळ पडला."

आजींनी पिशवी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढी एकच होती गं!"

नवऱ्याने आतून सगळं ऐकलं होतं. "खरं का नाही सांगितलंस?"

"जीव लावला होता त्यांनी तिला."

"जीव लावला, आणि जीवच घेतला!"

"मग आता त्यांचा घेऊ का?" ती म्हणाली, आणि चांदी गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

दुसरी गाय आणायचं दोघांच्याही मनात आलं नाही. गवत कमरेएवढं वाढलं. काही दिवसांनी नवऱ्याने जमीन विकायचा विषय काढला. तिने विरोध केला नाही. फक्त एवढंच विचारलं, "गोठ्यामागचा कोपरा तेवढा ठेवता येईल?"

"तसं कुणी विकत घेत नाही गं," तो म्हणाला आणि बराच वेळ तिच्याकडे बघू शकला नाही.