काळ्या पडद्यावरचं पांढरं पाणी

नवऱ्याचा, महिपतचा, खोटेपणा जनाबाईला पाठ झाला होता. विचारलं की "उष्णता झालीय" म्हणायचा आणि मोरीत अर्धा अर्धा तास उभा राहायचा. वर दिवसभर प्यायच्या पाण्याला शिवायचा नाही. जन्मभर कळव्याच्या खाडीत होडी घातलेला माणूस, आणि तांब्याभर पाण्याला घाबरायला लागला. शेवटी लघवी पार तुंबली. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी घातली, तिच्या टोकाला पिशवी.

एक्सरेत लघवीची वाट अरुंद झालेली दिसली, पण किती लांबवर ते कळेना. थोडीच असेल तर आतून कापून मोकळी होईल. नाहीतर पिशवी कधी सुटेल ते सांगता येत नव्हतं, आणि पिशवी घेऊन होडीत कोण चढतं? म्हणून ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीला बोलावलं. महिपत एकटा जाईना. जनाबाई पदर खोचून आत गेली आणि पडद्याकडं तोंड करून बसली.

बाईंनी एकमेकींना जोडलेल्या बिनसुईच्या दोन सिरिंजांमधून सलाइन इकडून तिकडं दाबलं, तसा पाण्याला बारीक फेस आला. तो त्यांनी खालून हळूच लघवीच्या वाटेत सोडला आणि चादरीखाली यंत्र धरलं. काळ्या पडद्यावर पांढरं पाणी चालू लागलं.

जनाबाईचा हात तोंडावर गेला. पस्तीस वर्षं संसार केला त्या माणसाच्या आत एक खाडी होती, आणि तिला भरती चढत होती. फेस रुंद होत आला, एका जागी दोऱ्याएवढा झाला, पलीकडं पुन्हा पसरला.

"तिथं गाळ बसलाय," ती हळूच म्हणाली.

बाईंनी वळून पाहिलं. "गाळ नाही मावशी, जुन्या जखमेचा वण. पण जागा बरोबर ओळखलीत."

"खाडीत फेसाची रेघ बारीक झाली की तिथं होडी रुतते. आमच्यात पोरींनाही कळतं."

बाईंनी पडद्यावर माप घेतलं. "एक सेंटिमीटर. आतून कापून होईल. काका, असा वण बहुतेक मार लागूनच होतो. कधी पडलेलात?"

महिपत छताकडं बघत राहिला. "सहा वर्षं झाली. होडीच्या काठावर. दोन्हीकडं पाय टाकून."

"तेव्हा पाठ धरलीय म्हणालेलात," जनाबाई म्हणाली.

"लोक हसले असते."

तिला रागवायचं होतं, पण डोळे पडद्यावरून हलेनात. फेस विरत होता, आणि देवळात उभं राहावं तशी ती उठून उभी राहिली होती. मग ती नवऱ्याकडं वळली.

"सहा वर्षं मला फसवलंत, ते या पाण्यानं घटकाभरात उघडं पाडलं. आता मुकाट ऑपरेशन करून घ्या. आणि कुठं पडलात, कसे पडलात, ते घरी गेल्यावर सुनांना तुमच्या तोंडानं सांगा. मी नाही सांगणार."