घुमटाला बोट

ताईने ‘सोड’ म्हटल्याशिवाय त्या कारखान्यातून एकही स्पीकर बाहेर पडत नसे. कारखाना म्हणजे तरी काय, बहीण-भावाच्या दोन खोल्या. पेट्या भाऊ करायचा आणि बारीक आवाज काढणारा वरचा छोटा ट्वीटर ताई. त्याचा रेशमी घुमट ती स्वतः साच्यावर ताणायची, वर काळ्या लाखेचा हात द्यायची. भावाने तो पेटीत बसवला की त्याला कुणी बोट लावायचं नाही, हा तिचाच दंडक. रेशीम चेपलं की आवाज गेलाच. मग ती आईचं जुनं रेकॉर्डिंग लावायची. आई म्हणायची, “सोसेल तेवढंच सोस, सोने.” त्यातला एकही ‘स’ टोचला नाही, तरच ‘सोड’.

हल्ली मात्र रेकॉर्डिंगमधली आई फिस्कारायला लागली होती. ताईने लाख बदलली, वायरी बदलल्या, पण ‘स’ टोचायचा तो टोचायचाच. शेवटी भाऊच हळूच म्हणाला, “ताई, राग मानू नकोस. तुझे कान थकलेत गं. मला तर छान ऐकू येतंय.” डॉक्टरांनी तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तर हा म्हणे, “त्यांच्या यंत्राला आपल्या आईचा आवाज काय कळणार!”

ताई काही हलक्या कानाची नव्हती. पण हा पाठचा भाऊ, तिनेच बोट धरून चालायला शिकवलेला. तिने डॉक्टरांना खोटं ठरवलं आणि त्याला खरं. ‘सोड’ म्हणायचं काम त्याच्या हवाली करून ती रडत बसली.

आणि आज सकाळी पेटीवरची धूळ पुसताना फडकं सटकलं. बोट थेट घुमटावर बसलं. पण घुमट चेपला नाही; टक् वाजला.

तिने नखाने खरवडलं. काळ्या रंगाखाली पत्रा चमकला. दुसरी पेटी, तिसरी पेटी, सगळीकडे तेच. कानामागून आला आणि तिखट झाला! तिचे रेशमी घुमट भावाच्या खणात कागदात गुंडाळलेले सापडले.

भाऊ दारातच थबकला. “दुकानात झणझणीत आवाजच उठून दिसतो, ताई. गिऱ्हाईक ऐकतं किती वेळ? तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.”

“नसतंच ऐकलं. भांडले असते, हरलेही असते एखादवेळी. पण माझे कान का रे खोटे पाडलेस?” तिचा आवाज फाटला. “आईचा आवाज आता जन्मभर असाच ऐकू येणार म्हणून रडत होते मी. आणि तू शेजारी बसून मला पाणी देत होतास. केसानं गळा कापलास माझा.”

त्याने मान खाली घातली. “चुकलो. पण आता सोड ना, ताई.”

तो शब्द दोघांनाही ऐकू आला. ताईने नेहमीसारखं रेकॉर्डिंग लावलं. “सोसेल तेवढंच सोस, सोने,” आई पत्र्यातून फिस्कारली.

“ऐकलंस?” ताई म्हणाली. “माझे कान शाबूत आहेत.”

तिने रेशमी घुमट ओच्यात घेतले आणि ती भावाच्या शेजारून दाराबाहेर निघून गेली.